सीलिंगच्या आतला पाइप मी पाहिलाच नव्हता

गॅस गीझर कुठला घ्यावा यावर आम्ही महिनाभर विचार केला. त्याचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर पाच मिनिटंही नाही. मी फसलो तो त्या पाइपमध्ये, आणि त्याची किंमत माझ्या आईच्या जिवाने मोजावी लागली असती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फिटरने काम घेताना अंदाजपत्रकात स्वच्छ लिहून दिलं होतं: ४ इंची, दुपदरी (नळीत नळी असलेला) धातूचा पाइप, गीझरपासून थेट छताच्या वरपर्यंत. पैसे त्याच हिशेबाने घेतले. गीझर कपडे धुण्याच्या खोलीत, वर फॉल्स सीलिंग. मी कामावरून परतलो तेव्हा सीलिंग बंद झालं होतं. आतलं दाखव म्हटलं, तर "आता खोललं तर रंग जाईल साहेब" असं उत्तर मिळालं. गीझरच्या डोक्यावर दिसणारा हातभर पाइप खरंच दुपदरी होता, छतावर टोपीही होती. मला वाटलं, मधलंही तसंच असणार.

त्याने चाचणीही करून दाखवली. गीझर चालू केला, काडी विझवून तिचा धूर गीझरच्या माथ्यावर, पाइपखाली असलेल्या उघड्या फटीपाशी धरला. धूर सरळ वर ओढला गेला. पण तेव्हा खोलीची खिडकी उघडी होती, दार उघडं होतं आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद होता. अशा वेळी वाईट पाइपसुद्धा चांगला भासतो, हे मला नंतर कळलं. खरी परीक्षा दारं-खिडक्या लावून, घरातले सगळे पंखे बाहेर हवा फेकत असताना घ्यायची असते. कारण घरातली हवा पंखा ओढत असेल आणि आत यायला वाट नसेल, तर ती भरून काढायला हवा पाइपातूनच उलटी खाली येते, आणि सोबत धूरही आणते.

थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या. आईचं डोकं दुखू लागलं. मळमळ, थकवा, पण ताप नाही. घरातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९८ दाखवायचं, म्हणून आम्ही निर्धास्त. हे उपकरण कार्बन मोनॉक्साइडने (गीझरच्या धुरातल्या विषारी वायूने) भरलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो, त्याला वास नाही, रंग नाही. एक खूण मात्र डोळ्यांसमोर होती: आई दोन दिवस मावशीकडे राहिली की डोकं दुखायचं थांबायचं. शिवाय गीझरच्या माथ्यावर गंज धरला होता, पाण्याच्या पाइपाभोवतालची प्लॅस्टिकची कडी मऊ पडली होती आणि त्या खोलीच्या काचेवर सतत वाफ असायची. फिटरला फोन केला. "नवीन गीझरला सुरुवातीला असं होतं," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याला कधीच माफ करणार नाही.

मावसभावाने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून लावला. त्याच संध्याकाळी आई आंघोळीला गेली, स्वयंपाकघरात पंखा चालू होता, आणि अलार्म किंचाळला. गॅस बंद केला, सगळे बाहेर पळालो, आईला दवाखान्यात नेलं. रक्ततपासणीत वायू सापडला. ऑक्सिजन लावल्यावर काही तासांनी तिला बरं वाटलं.

दुसऱ्या फिटरने सीलिंग उघडलं. दुपदरी पाइप हातभरच होता. त्यानंतर कपडे वाळवायच्या यंत्राला लावतात तसला घडीचा, पातळ ॲल्युमिनियमचा पाइप, तोही ३ इंची, म्हणजे गीझरच्या तोंडापेक्षा लहान. सांधा चिकटपट्टीचा, तीही उष्णतेने सुटलेली. आडव्या पाइपाला दर फुटाला किमान पाव इंच चढ हवा. हा मध्येच लोंबत होता आणि खोलगट भागात पाणी साठलं होतं. गॅस जळताना वाफही होते, ती थंड पाइपात गारठून पाणी होते. त्या फिटरने पाइप वाकवला तेव्हा तांब्याभर गंजकं पाणी फरशीवर सांडलं. आई दारात उभी राहून बघत होती.

मी पहिल्या फिटरला फोटो पाठवले. त्याने आधी दोन्ही पाइप सारखेच असतात म्हणून सांगितलं, मग फोन उचलणं बंद केलं. कागद काढून पाहिले तेव्हा त्याची खरी सोय कळली. अंदाजपत्रकावर सही नव्हती, आणि सही असलेल्या अंतिम बिलात फक्त "पाइप व फिटिंग" लिहिलेलं. दुपदरी हा शब्दच गायब. तुमच्या बिलात पाइपचा प्रकार, व्यास आणि लांबी नसेल, तर शेवटचे पैसे देऊ नका.

नवीन काम होताना मी सुट्टी घेऊन शिडीपाशी उभा होतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. प्रत्येक पाइपाचं निमुळतं टोक धूर जातो त्या दिशेला, म्हणजे वर जाणारा धूर सांध्याच्या फटीतून बाहेर निसटत नाही. सीलिंग लावण्याआधी सगळ्याचे फोटो घेतले आणि तपासणीसाठी सीलिंगमध्ये एक झाकण ठेवून घेतलं. मग दारं-खिडक्या लावल्या, पंखे सुरू केले, काही मिनिटं गीझर चालू दिला आणि विझवलेली काडी त्या फटीपाशी धरली. धूर वर गेला. आईने काडी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पुन्हा एकदा करून पाहिलं.