डार्लिंग्टन रेसवे: एका तळ्यामुळे अंडाकृती झालेला ट्रॅक

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराहून सुमारे दोन तासांच्या अंतरावर, डार्लिंग्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाबाहेरच्या रेसवेवर मी दोनदा गेलो. पहिल्या भेटीत फक्त शर्यत पाहिली. दुसऱ्या वेळी ट्रॅकशेजारचे संग्रहालय आधी पाहिले आणि मग शर्यतीला बसलो, आणि पहिल्या खेपेला आपण निम्मेच पाहिले होते हे तेव्हा कळले. म्हणून हा अभिप्राय या ट्रॅकच्या इतिहासासाठी तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

येथे स्टॉक कारच्या शर्यती होतात. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून विकत घेतलेली साधी मोटार. या गाड्यांच्या शर्यती 1940 च्या दशकात बहुधा मातीच्या ट्रॅकवर होत असत. डार्लिंग्टनच्या हॅरल्ड ब्रॅसिंग्टन यांनी 1933 साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत पाहिली होती आणि तशीच लांब पल्ल्याची शर्यत आपल्या गावात, डांबरी ट्रॅकवर व्हावी असे त्यांच्या मनाने घेतले. शर्मन रॅम्सी या शेतकऱ्याकडून त्यांना भुईमूग आणि कापसाची सुमारे 70 एकर जमीन मिळाली, पण एका अटीवर: शेताच्या कडेला असलेल्या, गळाला लावायच्या लहान माशांच्या तळ्याला हात लागता कामा नये. ब्रॅसिंग्टन यांनी ही अट पाळली. तळ्याकडचे टोक त्यांना अरुंद करावे लागले, दुसरे टोक मात्र मनासारखे रुंद ठेवता आले, आणि ट्रॅकला अंड्याचा आकार आला. बांधाच्या हातभर जमिनीवरून पिढ्यान्पिढ्या कोर्टात जाणारी घरे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

या आकाराचा परिणाम आजही प्रत्येक फेरीत दिसतो. पहिल्या आणि दुसऱ्या वळणाला आतल्या बाजूकडे 25 अंशांचा उतार आहे, तर तिसऱ्या आणि चौथ्या वळणाला 23 अंशांचा, आणि ही वळणे अधिक आखूडही आहेत. गाडी एका टोकासाठी जुळवून घेतली की दुसऱ्या टोकाला ती चालकाचे ऐकत नाही, त्यामुळे प्रत्येक संघाला कुठे वेग मिळवायचा आणि कुठे सोडायचा याची तडजोड करावी लागते. शिवाय वेगाची वाट भिंतीला इतकी लगटून जाते की गाडीची उजवी बाजू घासली जाणे येथे नित्याचे आहे. त्या ओरखड्याला ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ म्हणतात. शर्यतीपूर्वी रात्री डांबरावर नवा काळा थर चढवला जाई, त्यावरून ट्रॅकला ‘काळ्या वस्त्रातील स्त्री’ असे नाव पडले.

‘सदर्न 500’ ही येथील पाचशे मैलांची शर्यत पहिल्यांदा 4 सप्टेंबर 1950 रोजी झाली. इंडियानापोलिसप्रमाणे तिघातिघांच्या रांगा करून 75 गाड्या उभ्या केल्या होत्या. उन्हात तापलेल्या डांबरावर भल्याभल्यांचे टायर फाटत राहिले. कॅलिफोर्नियाच्या जॉनी मँट्झ यांची प्लिमथ गाडी मात्र सर्वांत संथ गाड्यांपैकी एक होती, पण त्यांनी कठीण रबराचे टायर लावले होते आणि ते बदलण्यासाठी त्यांना फारसे थांबावेच लागले नाही. साडेसहा तासांहून अधिक वेळ चाललेली ही शर्यत त्यांनी ताशी सुमारे 121 किलोमीटरच्या सरासरीने, तब्बल नऊ फेऱ्यांच्या आघाडीने जिंकली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत टायर राखणे म्हणजे काय, हे या खेळाला त्या दिवशी समजले असे मला वाटते. त्याच दिवशी जवळच्या टिमन्सव्हिल परिसरातला अकरा वर्षांचा केल यारबरो कुंपणाखालून आत शिरला होता. पुढे 1965 मध्ये त्याची गाडी येथेच कठड्यावरून उडून ट्रॅकबाहेर पडली आणि तो सुखरूप बाहेर आला. त्यानंतर हीच शर्यत त्याने पाच वेळा जिंकली.

संग्रहालय 1965 साली उघडले. त्याला जो वेदरली या चालकाचे नाव देण्यात आले. नॅसकार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या 1962 आणि 1963 च्या अजिंक्यपदाचे हे विजेते जानेवारी 1964 मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या शर्यतीत मरण पावले. दालने मोठी नाहीत, परंतु जुन्या गाड्यांचे पातळ पत्रे आणि साधी आसने जवळून पाहिली की त्या काळातील माणसांनी पत्करलेला धोका अंगावर येतो. 1960 च्या शर्यतीत पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायला आणि इंधन भरायला गाड्या थांबतात त्या जागेत, घुसलेल्या गाडीने तीन जणांचा बळी घेतला होता. या इतिहासाची दुसरी बाजूही विसरू नये. कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांचा झेंडा, येथे अनेक दशके उघडपणे मिरवला जात होता, आणि नॅसकारने त्यावर बंदी घातली ती थेट जून 2020 मध्ये.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून होणारी सदर्न 500 शर्यत 2003 नंतर त्या तारखेवरून हलवण्यात आली. मोठ्या बाजारपेठांसाठी घेतलेला तो निर्णय माझ्या मते सरळसरळ चूक होता, कारण गावाचे वर्ष या एका आठवड्याभोवती फिरत असे. 2015 मध्ये शर्यत आपल्या जुन्या तारखेला परतली. मार्च 2003 मध्ये रिकी क्रेव्हन यांनी कर्ट बुश यांना अवघ्या 0.002 सेकंदाने हरवले तेही येथेच. दोन्ही गाड्या एकमेकींना घासत रेषेपर्यंत आल्या होत्या.

जायचे असल्यास संग्रहालयाची वेळ आधी विचारून घ्यावी आणि शर्यतीपूर्वी किमान दीड तास त्यासाठी ठेवावा. 367 फेऱ्या चालतात, त्यामुळे कानांना संरक्षण आणि भरपूर पाणी हवेच. जागा निवडता आली तर उंचावरची, चौथ्या वळणाजवळची घ्यावी. आखूड वळणातून निघताना प्रत्येक गाडी भिंतीकडे कशी ओढली जाते, हे तेथून स्पष्ट दिसते.