दशावतारासाठी काचेचे फिल्टर: अख्खा संच नको, निळा घ्या

दहीकाला, म्हणजे कोकणातला दशावताराचा खेळ, रात्री उशिरा उभा राहतो तो उजाडेपर्यंत. हजार वॅटच्या पार कॅनपुढे (डब्यासारखा रंगमंचाचा दिवा) गडद निळं जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत प्लास्टिकचा कागद, तेवढा वेळ तग धरत नाही. आधी मधोमध पांढुरकं पडतं, मग आक्रसतं, शेवटी भोक. हॅलोजनच्या उजेडात निळा भाग मुळात थोडा. उरलेला उजेड जिलेटिन गिळतं आणि तापतं. अंबर, फिकट गुलाबी यांना हा त्रास फार कमी. त्यामुळे सगळे रंग काचेत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. निळा घ्यावा, फार तर गडद हिरवा.

साधी रंगीत काचही उजेड शोषते, म्हणून तडकते. ती पट्ट्या कापून फ्रेममध्ये सैल बसवावी लागते. टिकाऊ माल म्हणजे डायक्रोइक काच, उदाहरणार्थ रॉस्को कंपनीचे पर्माकलर फिल्टर. काचेवरचे अतिपातळ थर नको तो रंग शोषत नाहीत, परत फेकतात. रंग उडत नाही आणि निळा जिलेटिनपेक्षा उजळ पडतो. संकासुराचा (दशावतारातला राक्षस) काळा वेश त्यात बुडून जात नाही.

खोडी दोन. किरण तिरपा आला की रंग सरकतो, रुंद बीमच्या कडेला निळा जांभळट दिसतो. अरुंद बीमचा दिवा लावावा. दुसरी, परत फेकलेला पिवळसर उजेड कॅनच्या फटींतून मागच्या पडद्यावर सांडतो.

हजार वॅटच्या पार कॅनची, म्हणजे पार ६४ ची फ्रेम साधारण १० इंच चौरस. काच फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा २-३ मिमी लहान कापून मागवा. थराची बाजू दिव्याकडे. ती ओळखायला पेन्सिलीचं टोक काचेला टेकवा: टोक आणि प्रतिबिंब भिडले तर थर तिथेच, मध्ये फट दिसली तर उलटी बाजू.

मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत आधी क्लिपा गंजतात. गंज फुगतो, काचेला चिमटतो आणि दिवा तापला की काच जाते. क्लिपा स्टेनलेसच्या हव्यात, पुढे जाळी हवीच. खाली माणसं असतात. मिठाची पुटं कोरड्या फडक्याने पुसलीत तर थरावर ओरखडे उठतील. काच पूर्ण निवू द्या, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ सुती कापडाने हलकेच टिपा. टेम्पोतून नेताना काचा उभ्या, फोमच्या खाचांत. एकावर एक कधीच नाहीत.

मंडळाकडे रंग बदलणारे एलईडी पार असतील तर यातलं काहीच घेऊ नका.