कर्नलच्या असेंब्लीतले बग शोधायचेत? क्यूएमू आणि जीडीबीची जोडी, भरपूर वापरून मग लिहितोय

सरळच सांगतो, स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला बसलाय आणि असेंब्लीच्या, म्हणजे सीपीयूच्या इन्स्ट्रक्शन थेट लिहायच्या भागात गाडी अडकली असेल तर क्यूएमू (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) आणि जीडीबी (प्रोग्राम थांबवून आत बघायचा डीबगर) या जोडीला तोड नाही, आणि रुपया लागत नाही. माझ्याकडून ५ पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येतंय, ते वाचल्याशिवाय जाऊ नका कारण खरा घात तिथंच होतो.

मी जुळे सोलापुरात राहतो, काम घरूनच, आणि सुट्टीच्या दिवशी इंजिनिअरिंगची पोरंपोरी प्रोजेक्ट घेऊन येतात. अ‍ॅप आणि वेबसाइटवाले पुष्कळ, कर्नलवाले, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच लिहिणारे, थोडेच, पण जे असतात ते मनापासून लागलेले असतात. त्यांच्याकडं लॅपटॉप बहुतेक सेकंडहँड, रॅम ४ जीबी, हार्डवेअर डीबगर विकत घ्यायचा विषयच नाही. अशा पोरांच्या हातात अख्खं मशीन देणारी वस्तू म्हणजे क्यूएमू. फॅब्रिस बेलार्डनं २००३ मध्ये सुरू केलेलं, ओपन सोर्स, एक्स८६, आर्म, रिस्क-व्ही सगळे प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्येच चालवतं. एकदा डाउनलोड केलं की नेट नसलं तरी चालतं, हेही आमच्याकडं महत्त्वाचं आहे.

कर्नलमध्ये बग शोधणं एवढं अवघड का, तर खाली सांभाळून घेणारं कुणीच नसतं. साध्या प्रोग्रामनं चुकीच्या पत्त्यावर हात घातला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला मारून टाकते आणि तुम्हाला मेसेज येतो. इथं ऑपरेटिंग सिस्टिम तुम्हीच. एक्सेप्शन आलं, म्हणजे एखाद्या इन्स्ट्रक्शनवर सीपीयू अडला, आणि त्याचा हँडलर (ते निस्तरणारा आपला कोड) चालवता आला नाही, की डबल फॉल्ट, आणि डबल फॉल्टचा हँडलरसुद्धा चालवता आला नाही की ट्रिपल फॉल्ट, म्हणजे सीपीयू थेट रीसेट. स्क्रीनवर काय दिसतं? मशीन परत परत चालू होतंय, बास. पोरं येऊन म्हणतात, "सर, नुसतं रीस्टार्ट होतंय, काहीच कळंना." कळणार कसं, पुरावा रीसेटमध्ये पुसला गेला की.

क्यूएमूत तो पुरावा शिल्लक राहतो. नो-रीबूट हा ऑप्शन द्या म्हणजे ट्रिपल फॉल्टला मशीन परत सुरू व्हायच्या ऐवजी क्यूएमू तिथंच बंद होतं, आणि डॅश डी बरोबर इंट द्या म्हणजे प्रत्येक इंटरप्ट (टायमरसारख्या हार्डवेअरची हाक) आणि एक्सेप्शन रजिस्टरसकट (सीपीयूतल्या आकडे ठेवायच्या जागा) लॉगमध्ये उतरतं. डॅश लहान एस दिलं की १२३४ पोर्टवर जीडीबी जोडता येतं, डॅश मोठा एस दिलं की सीपीयू पहिली इन्स्ट्रक्शन चालवायच्या आधीच थांबून राहतो. एवढे चार ऑप्शन पाठ करा, बाकीचं हळूहळू येतं.

आता एक बग जवळून दाखवतो, कारण नुसतं "भारी टूल आहे" म्हणून कुणाला काय कळणार. एका मुलीचा ६४ बिटचा कर्नल, टायमर व्यवस्थित चालतोय, पण पहिला पेज फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या पानापर्यंत पोचता न आल्याचं एक्सेप्शन, आला की खेळ खलास. लॉग उघडला तर आधी व्हेक्टर (एक्सेप्शनचा नंबर) १४, म्हणजे पेज फॉल्ट, आणि लगेच त्याच्याखाली व्हेक्टर १३, जनरल प्रोटेक्शन, मग १३, १३, १३ अशी रांगच लागलेली, शेवटी स्टॅक (तात्पुरते आकडे एकावर एक रचायची मेमरी) संपून ट्रिपल फॉल्ट. म्हणजे पेज फॉल्ट आला हे ठीक, त्यातून परत जाताना काहीतरी बिघडतंय. जीडीबीत हँडलरच्या शेवटच्या आयरेटक्यू या इन्स्ट्रक्शनवर ब्रेकपॉइंट टाकला आणि स्टॅकवरचे वरचे पाच आकडे छापले. तिथं क्रमानं काय पाहिजे? परत जायचा पत्ता, कोड सेगमेंट, फ्लॅग्ज, जुना स्टॅक पॉइंटर आणि स्टॅक सेगमेंट. दिसलं काय? पहिल्या जागी नुसता २, दुसऱ्या जागी पत्ता, तिसऱ्या जागी सेगमेंटचा ८. सगळं एक घर सरकलेलं, ताण्यात एक धागा चुकीच्या जागी भरला की चादरीची पुढची सगळी नक्षी सरकते तसं.

तो २ आला कुठून हे तिलाच शोधायला लावलं. एक्स८६ मध्ये काही एक्सेप्शनला सीपीयू स्वतःहून एरर कोड स्टॅकवर टाकतो, ८, १०, ११, १२, १३, १४, १७ वगैरे, आणि बाकीच्यांना टाकत नाही. ज्यांना नाही त्यांच्यासाठी आपण खोटा शून्य पुश करतो म्हणजे सगळ्यांची फ्रेम सारखी होते. तिच्या मॅक्रोत (प्रत्येक हँडलरची सुरुवात छापून देणारा साचा) सगळ्यांनाच शून्य पुश होत होता, १४ ला पण. मग बाहेर पडताना खोटा शून्य आणि व्हेक्टर नंबर काढला गेला आणि खरा एरर कोड तसाच वर बसून राहिला, तोच हा २, ज्याचा अर्थ कर्नलमधून मॅप नसलेल्या पानावर लिहायला गेले. आणि लॉगमध्ये अजून एक खूण होती: व्हेक्टर १३ चा एरर कोड बघितला तर तो फॉल्ट आलेल्या इन्स्ट्रक्शनच्या पत्त्याच्या शेवटच्या आकड्यांशी जुळत होता, कारण सीपीयूनं तो पत्ताच कोड सेगमेंट समजून उचलला होता. हे जुळलेलं बघून ती खुर्चीतून उठलीच. दोन मॅक्रो वेगळे केले, एक एरर कोडवाल्यांचा आणि एक बाकीच्यांचा, काम झालं. वर डबल फॉल्टला आयएसटीमधून (ठराविक एक्सेप्शनला वेगळा स्टॅक देणारा सीपीयूचा तक्ता) स्वतंत्र स्टॅक पण लावून दिला, म्हणजे इथून पुढं स्टॅक संपला तरी निदान हँडलर चालेल आणि काहीतरी छापता येईल.

असले बग प्रिंट टाकून सापडत नाहीत हो. इन्स्ट्रक्शन इन्स्ट्रक्शन पुढं जात रजिस्टर बघावी लागतात, आणि जीडीबीत लेआउट असेंब्ली आणि लेआउट रजिस्टर लावलं की बदललेलं रजिस्टर उठून दिसतं. डिसअसेंब्ली इंटेल पद्धतीनं दाखवायची सेटिंग आधी करून घ्या, नाहीतर मॅन्युअलमध्ये एक क्रम आणि स्क्रीनवर उलटा क्रम यात नवीन माणूस गोंधळतो.

दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे रेड झोन. एक्स८६-६४ च्या लिनक्सवाल्या एबीआयमध्ये (कंपायलरनं स्टॅक आणि रजिस्टर कसे वापरायचे याचे नियम) स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट कंपायलर बिनधास्त वापरतो, आणि कर्नलमध्ये इंटरप्ट आला की सीपीयू नेमका त्याच जागेवर आपली फ्रेम लिहितो. कधीतरीच एखादा लोकल व्हेरिएबल आपोआप बदलतो, तेही टायमर नेमका त्या क्षणी आला तरच. कंपायलरला एम-नो-रेड-झोन सांगा, विषय संपला, पण हे माहीत नसलं तर माणूस आठवडा घालवतो. इथं क्यूएमूचं रेकॉर्ड-रिप्ले फार कामी येतं, एकदा बग पकडून रेकॉर्ड केला की तीच रन परत तशीच चालते आणि जीडीबीत मागं मागं पण जाता येतं. मात्र ते केव्हीएमशिवायच (कोड खऱ्या सीपीयूवर थेट चालवून वेग देणारी लिनक्सची सोय) चालतं आणि हळू चालतं, मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२ च्या पुढं गेल्यावर तर जुन्या लॅपटॉपचा पंखा रडायला लागतो.

आता तो कापलेला अर्धा स्टार. क्यूएमूचं मशीन खऱ्या मशीनपेक्षा फार सज्जन आहे. सुरू होताना त्याची रॅम शून्यांनी भरलेली असते, खऱ्या मशीनची नसते. एका ग्रुपनं स्वतःचा बूटलोडर लिहिला होता, ५१२ बाइटचा पहिला सेक्टर, मग पुढचा कर्नल वाचून उडी. क्यूएमूवर अगदी झकास. कॉलेजच्या जुन्या डेस्कटॉपवर लावला तर पहिली ओळ छापून गप्प. कारण बीएसएस, म्हणजे शून्य किमतीचे ग्लोबल व्हेरिएबल जिथं असतात तो भाग, कुणी पुसलेलाच नव्हता. ग्रबसारखा लोडर हे काम करून देतो, स्वतःचा लोडर असला की आपणच करायचं, सुरुवातीला डिरेक्शन फ्लॅग क्लिअर करून रेप स्टॉसबीनं सगळा भाग शून्य करायचा, मगच सीच्या फंक्शनला कॉल. क्यूएमूवर हा बग कितीही चालवला तरी दिसणार नाही. ए२० लाइनचं (१ एमबीच्या पुढची मेमरी नीट वापरायला ती चालू लागते) पण तेच, क्यूएमूत ती आधीच चालू मिळते, जुन्या पीसीवर मिळेलच असं नाही. आणि आर्म किंवा रिस्क-व्हीचा कर्नल आपल्या इंटेलच्या लॅपटॉपवर चालवला तर विसरलेला मेमरी फेन्स (मेमरीची कामं ठरल्या क्रमानं करायला लावणारी इन्स्ट्रक्शन) बहुतेक वेळा खपून जातो, कारण खालच्या इंटेलची मेमरी ऑर्डरिंगच जास्त कडक असते.

म्हणून माझा हट्ट असतो की क्यूएमूवर पास झालं म्हणजे झालं असं कुणी धरू नये, एक जुना खरा पीसी बाजूला ठेवाच. भंगारात निघालेला चालतो, फक्त सीरियल पोर्ट असेल असा बघा.

जीडीबीबद्दल एक तक्रार. बूटच्या सुरुवातीला सीपीयू १६ बिटमध्ये असतो, मग ३२, मग ६४, आणि जीडीबी या बदलात गडबडतं. १६ बिटचा कोड भलत्याच इन्स्ट्रक्शन म्हणून दाखवतं, आणि जुन्या व्हर्जनमध्ये मोड बदलल्यावर जी पॅकेटचं उत्तर फार लांब आहे अशी एरर देऊन कनेक्शनच बिनकामाचं होतं. आर्किटेक्चर हातानं सेट करून तोडून परत जोडावं लागतं. नवशिक्याला वाटतं आपलाच कोड बिघडला.

बूटच्या त्या भागासाठी मी बॉक्स (Bochs, क्यूएमूसारखाच पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरायला सांगतो, तेही फुकटच. क्यूएमूपेक्षा बरंच हळू, पण डीबगर आतच आहे, सेगमेंटचे डिस्क्रिप्टर उलगडून दाखवतो, आणि कॉन्फिगमध्ये मॅजिक ब्रेक चालू केला की कोडमध्ये एक्सचेंज बीएक्स, बीएक्स लिहाल तिथं तो थांबतो. ही इन्स्ट्रक्शन एरवी काहीच करत नाही, त्यामुळं चुकून राहून गेली तरी खऱ्या मशीनवर त्रास नाही.