झडपेचं इन्फेक्शन: उरलेली इंजेक्शनं वॉर्डात की घरी?

आतड्यातल्या जंतूमुळे हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन झालं, पहिले दोन आठवडे पार पडले, ताप उतरला, आणि डॉक्टर म्हणाले, "उरलेली इंजेक्शनं इथे घ्या किंवा घरी." अशा ठिकाणी अडलेल्यांसाठी हे लिहितोय. मागच्या हिवाळ्यात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बाबतीत आमच्यावर हीच वेळ आली होती. अण्णांचं वय ७४.

आधी जंतूचं नाव विचारा, निम्मा निर्णय तिथेच होतो. अण्णांच्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस निघाला. पूर्वी याला बोव्हिस म्हणायचे. त्यावर सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक चाललं: २ ग्रॅम, दिवसातून एकदा, एकूण चार आठवडे. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा आतड्यातला दुसरा जंतू असता तर अँपिसिलिन दर चार तासांनी, जोडीला सेफ्ट्रिअॅक्सोन दोनदा, तेही सहा आठवडे. रात्री दोनलाही इंजेक्शन द्यायचं, ते घरी जमणं कठीणच.

वॉर्डात धास्ती कमी असते, हे खरंच. एओर्टिक झडपेचं, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या दारावरच्या झडपेचं, इन्फेक्शन आत पसरलं तर हृदयाचे ठोके मंदावू शकतात, आणि त्याची चाहूल ईसीजीत लागते. झडपेवर जमलेल्या जंतूंच्या गाठीचा तुकडा सुटून मेंदूकडे जाण्याचा धोकाही पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त, म्हणून तेवढे दिवस आम्ही घराचा विषयच काढला नाही. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, तीही तिथेच झाली. हा जंतू सापडला की आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावरची छोटी गाठ) किंवा कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं. अण्णांची पोटाची एकही तक्रार नव्हती, तरी एक पॉलिप निघाला. तो लगेच काढला.

आमचा निर्णय झाला तो मात्र रात्रींमुळे. घरी अण्णांच्या पलंगालगत, उजव्या हाताला दिव्याचं बटण आहे. वॉर्डात अडीच-तीनला जाग आली की त्यांचा हात भिंतीवर तेच बटण चाचपत फिरायचा. सापडलं नाही की घाबरायचे, "मनमाड आलं का रे?" म्हणायचे आणि उठायला बघायचे. दोनदा सलाईनची सुई उपसली गेली, चादर रक्ताने भरली. त्या वयाच्या हाताला नवी नस शोधायची म्हणजे तीन-चार वेळा टोचणं आलं. सकाळी अगदी नीट बोलायचे, रात्रीचं काही आठवत नसायचं. म्हातारपणी हॉस्पिटलात असं होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पण अर्ध्या तासाच्या इंजेक्शनसाठी उरलेले साडेतेवीस तास हे का सोसायचं, असं मला रोज पहाटे वाटायचं.

दंडात पिक लाइन, म्हणजे दंडाच्या नसेतून हृदयाजवळपर्यंत जाणारी, बरेच दिवस टिकणारी बारीक नळी, बसवून त्यांना नाशिकच्या सिडकोतल्या घरी आणलं. सिस्टर रोज सकाळी नऊला यायच्या. नळीचं तोंड स्पिरिटने घासायच्या, सलाईनने नळी धुवायच्या, मग औषध, मग परत सलाईन. एवढं घासणं रोज होतंय ना, हे मी समोर उभं राहून बघायचो, तुम्हीही बघा. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, आंघोळीला दंडाभोवती प्लॅस्टिक गुंडाळायचं, आठवड्याला ड्रेसिंग आणि रक्ततपासणी. घरच्या इंजेक्शनांचा खर्च आमच्या मेडिक्लेममध्ये बसला नाही, तो खिशातून गेला. तुम्ही आधीच विचारून घ्या.

पहिल्याच रात्री अण्णांनी बटण दाबलं, बाथरूमला जाऊन आले आणि झोपले. मी मात्र जागाच होतो.

प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. थंडी वाजून ताप, धाप, चक्कर, बोलणं अडखळणं, नळीजवळ लाली, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न बघता निघायचं. सिडकोहून मुंबई नाक्याला हॉस्पिटलात पोचायला रात्री किती वेळ लागतो, ते मी आधी गाडी नेऊन पाहून ठेवलं होतं. लांब पेठ-सुरगाण्याकडे राहत असतो तर कदाचित वॉर्डच धरला असता. तिकडच्या एका ओळखीच्या कुटुंबाने उरलेल्या दिवसांसाठी आजोबांना नाशकातच पंचवटीत मुलीकडे ठेवलं आणि रोज रिक्षाने ओपीडीत नेऊन इंजेक्शन दिलं.