पार्किंगमध्ये स्वतःची लाइन, सोसायटीचा पॉइंट की बॅटरी घरात?

पुण्यात इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची म्हटलं की चेतक, आयक्यूब की एथर यावर महिनाभर खल चालतो आणि ती चार्ज कुठे करायची हे गाडी दारात आल्यावर आठवतं. क्रम उलटा हवा. या तिन्ही गाड्यांची बॅटरी काढून घरात नेता येत नाही. हिरोच्या व्हिडाची येते. म्हणजे पार्किंगमध्ये वीज मिळणार नसेल तर निम्मी यादी तिथेच गळाली.

आधी लोडचं बघू. घरगुती चार्जर साधारण ६५० ते ९५० वॉटचा असतो. २३० व्होल्टला तीन-चार अँपिअर, गिझरच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे मंजूर लोड (महावितरणने घराला दिलेली विजेची मर्यादा) वाढवून घ्यायची गरज बहुतेकांना पडत नाही. फक्त हा लोड चार-सहा तास सलग चालतो. सॉकेटमध्ये पिन जरा सैल बसली की तो सांधा तापत राहतो आणि प्लास्टिक वितळतं. म्हणून गणिताने सहा अँपिअरचा पॉइंट पुरत असला तरी १६ अँपिअरचाच बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच; जळालेल्या सॉकेटांमागे बहुतेक वेळा तोच असतो.

स्वतःच्या मीटरवरून लाइन

पार्किंग ठरलेलं असेल तर आमचं मत सरळ याच्या बाजूने आहे. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत मीटर रूम खालीच, पार्किंगला लागून असते, त्यामुळे लाइन वरून फ्लॅटमधून आणावी लागत नाही. तुमच्या मीटरनंतर वेगळा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच टाकायचा (१६ अँपिअर, सी कर्व्ह, म्हणजे क्षणभराच्या झटक्याने न पडणारा), त्याच्यासोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, आणि तिथून पाइपातून तांब्याची अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. ४० मीटर अंतर असलं तरी चार अँपिअरला जेमतेम अडीच व्होल्ट पडतात, तेव्हा फोर एमएम घ्या असा आग्रह झाला तर कारण विचारा. पुढे कार घ्यायचा विचार असेल तर मात्र फोर एमएम आत्ताच टाका. १५ अँपिअरला अडीच एमएमवर हीच घट नऊ व्होल्टच्या आसपास जाते.

खरी गोची अर्थिंगची. जुन्या इमारतींत अर्थची वायर असते, पण ती कुठेच पोचलेली नसते. काही चार्जर अशा पॉइंटवर लाल दिवा दाखवून बसतात आणि लोक चार्जर बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला लावा, तेही चार्जर चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-वीस दिसले तर पैसे द्यायच्या आधी दुरुस्ती करून घ्या. आकडा शून्य आला तर जास्त संशय घ्या, कारण काही जण न्यूट्रललाच अर्थ जोडून मोकळे होतात. त्यात न्यूट्रल तुटला तर गाडीच्या धातूला करंट येऊ शकतो.

सॉकेट जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, झाकण आणि कुलूप असलेल्या पेटीत. नदीकाठी राहत असाल तर आणखी वर. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पुराने पार्किंगचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. उंदरांसाठी पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा.

बिलाचं म्हणाल तर स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत चार्ज केली की घरगुतीच दर लागतो. तीन युनिटची बॅटरी रिकामीपासून भरायला भिंतीतून साधारण ३.४ युनिट जातात. महिन्याला ६०० किलोमीटर चालवलं तर वीसेक युनिट. पण तुमचा वापर आत्ता ९५ युनिट असेल तर यातले बरेच युनिट १०१ ते ३०० च्या महाग स्लॅबमध्ये जातील. हिशेब त्या दराने करा.

सोसायटीचा कॉमन पॉइंट

पार्किंग ठरलेलं नसेल तर हा मार्ग. सबमीटर (फक्त चार्जिंगची वीज मोजणारा वेगळा मीटर) नसेल तर पहिल्याच सर्वसाधारण सभेत भांडण ठरलेलं. कॉमन मीटरवर लिफ्ट आणि पंप असल्याने वरच्या स्लॅबचा दर लागू शकतो. प्रतियुनिट आकारणी ठरवण्याआधी सोसायटीचं बिल बघा. तीन गाड्यांमागे एक पॉइंट चालून जातो, कारण रोज २५-३० किलोमीटर फिरणाऱ्याला दर तिसऱ्या दिवशीच चार्जिंग लागतं. गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात आणि वीज जाते, त्यामुळे बुधवारी रात्री मात्र पॉइंटसाठी रांग लागते.

बॅटरी घरात

पेठांतले वाडे, लिफ्ट नसलेल्या इमारती, भाड्याचं घर: इथे दुसरा इलाज नाही. एकेक बॅटरी दहा किलोच्या आसपास, आणि काही मॉडेलमध्ये अशा दोन. तिसरा मजला असेल तर शोरूममध्येच एक उचलून जिना चढून बघा. घरात ती फरशीवर ठेवा; गादी, सोफा, लाकडी कपाट यांपासून दूर. दाराजवळ किंवा जिन्यात चार्जिंग लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. गाडी चालवून आल्यावर तापलेली बॅटरी अर्धा तास निवू द्या, मग लावा. विकत घेताना एआयएस-१५६ (बॅटरीच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) चं प्रमाणपत्र विचारा; या मानकात बदल केल्यानंतरचे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, त्यामुळे त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळत असली तरी तिची बॅटरी घरात आणू नये.

खिडकीतून गल्लीत वायर सोडून चार्ज करणं हा चौथा प्रकार आहे. पावसाळ्यात त्या वायरीखालून शाळेची मुलं जातात, म्हणून त्याची तुलना केलेली नाही.