मोटरहोमचं अ‍ॅव्हरेज: मुंबईतून चालवताना डिझेल जातं कुठे?

"अ‍ॅव्हरेज किती देते?" मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, दारात आल्यापासून हा प्रश्न सोसायटीच्या वॉचमनपासून पंपावरच्या पोरापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. एका आकड्यात उत्तर देता येत नाही, म्हणून काही महिन्यांच्या वापरानंतर सविस्तर लिहितो.

गाडी ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर बांधलेली, डिझेल, बीएस-६. उंची तीन मीटरच्या आसपास, माणसं-सामान-पाणी धरून वजन साडेतीन टनांच्या घरात. राहायला मुलुंड. आकडे टाकी फुल ते टाकी फुल पद्धतीचे: पंप शक्यतो एकच, नोझल पहिल्यांदा कट झालं की बस. "साहेब, राउंड फिगर करू?" याला ठाम नकार, कारण तिथेच सगळा हिशोब बिघडतो.

हायवेला ८०च्या वेगाने लिटरला ११ किलोमीटरच्या आसपास मिळतं. १००ने चालवली तर ९च्या खाली. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ७ मिळाले तरी नशीब. बांधून देणाऱ्याने "१३ आरामात" सांगितलं होतं. मिळत असतील, खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना.

डिझेल सगळ्यात जास्त खातो तो वारा. या गाडीचं तोंड म्हणजे उभं गोदरेजचं कपाट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ८०वरून १००वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. समृद्धीवर आमण्याहून इगतपुरीकडे निघालं की रस्ता इतका मोकळा असतो की पाय आपोआप दाबला जातो. पण १०० किलोमीटरमागे वाचतात फक्त १५ मिनिटं आणि जास्तीचं जळतं सव्वादोन लिटर. नव्वदच्या भावाने दोनशे रुपये झाले. मी ८०वर डावी लेन धरतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. समोरून वारा असेल तर ८०लाही १००चा खर्च येतो. पावसाळ्यात समुद्राकडून वारा सुटला की परतीचं अ‍ॅव्हरेज हमखास पडतं.

वजनाचा मात्र लोक उगाच बाऊ करतात. आमच्याकडे पाण्याच्या टाकीवरून दर वेळी वाद: बायको म्हणते भरून घ्या, मेहुणा म्हणतो डिझेल जाईल. शेवटी गणित मांडलं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. बोरघाटाची चढण साधारण साडेपाचशे मीटर धरली आणि इंजिन डिझेलातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा कामी लावतं असं धरलं, तर ते पाणी वर न्यायला जेमतेम ५० मिली डिझेल लागतं. चहाचा अर्धा कप. मेहुण्याला कागद दाखवला, पटलेलं दिसलं नाही. पाणी भरूनच निघतो. (वजन नको तेवढं वाढवलं तर ब्रेक आणि टायर कुरकुरतात, तो वेगळा विषय.)

वजन खरं नडतं ते शहरात, आणि तिथे पाण्याचं नव्हे, अख्ख्या गाडीचं. साडेतीन टन ५०पर्यंत पळवायचे आणि सिग्नलला ब्रेक मारून ती सगळी मेहनत उष्णता करून सोडून द्यायची; एका थांब्याला २५-३० मिली डिझेल जातं. सायन-पनवेलवर संध्याकाळी असे चाळीस थांबे सहज होतात, म्हणजे लिटरभर गेलं. एसी लावून नुसतं उभं राहण्याचं वेगळं. बीएस-६च्या डिझेल गाडीत आणखी एक भानगड: सायलेन्सरच्या लाइनमधल्या फिल्टरला काजळी जाळायला जास्तीचं डिझेल लागतं, आणि संथ ट्रॅफिकमध्ये ती आपसूक जळत नाही. त्यामुळे आम्ही पहाटे साडेचारला निघतो. घोडबंदर असो की ऐरोलीमार्गे पनवेल, त्या वेळी सिग्नलही बरेचसे पिवळे लुकलुकत असतात. अ‍ॅव्हरेज वाढवायचे जे काही उपाय लोकांनी सांगितले, त्यात याच्या जवळपास जाणारा एकही नाही. अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून डिझेलात ओतायच्या औषधाच्या बाटल्या तर पैसे उडवायचे असतील तरच घ्या.

मागच्या घरातल्या विजेचाही हिशोब आहे. चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करताना इंजिन आणि त्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर दोघेही ऊर्जा वाया घालवतात. माझ्या अंदाजाने एका युनिटला अर्धा लिटर डिझेल पडतं, म्हणजे पंचेचाळीस रुपये युनिट! छोटा फ्रिज आणि दिवे यांना छतावरचं सोलर उन्हाळ्यात पुरतं. रात्रभर एसी हवा असेल तर ज्या मुक्कामी प्लग मिळतो तीच जागा निवडा.

टायरमधली हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना, दरवाज्यावरच्या स्टिकरवर आहे तेवढी. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पैसे वाचतील म्हणून ही गाडी घेऊ नका. सरासरी १० धरलं तरी किलोमीटरला नऊ रुपयांचं नुसतं डिझेल, वर टोल. चौघांनी नाशिकला रेल्वेने जाऊन बरं हॉटेल घेतलं तरी स्वस्त पडेल. आम्ही घेतली कारण आईला दर दोन तासांनी आडवं व्हावं लागतं आणि बाथरूम हाताशी लागतं. त्या सोयीची किंमत लिटरमध्ये मोजत नाही.

सध्या छतावर एक मोठी सामानाची पेटी आहे, थेट वाऱ्याच्या तोंडी. ती उतरवून मागच्या दाराला लावायचा विचार आहे, तिथे वारा कमी लागतो. वेल्डरने मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार आधी काट्यावर बघून या म्हणून सांगितलंय, ते या आठवड्यात करतो.