संशोधनाचा परिणाम मोजायचा कसा: आकडे की केस स्टडी?

संशोधनावर पैसा खर्च झाला, पण त्यातून निघालं काय? हे तपासायचे दोन मार्ग आहेत. एकतर शोधनिबंध, सायटेशन्स (इतरांनी त्या निबंधांचे दिलेले संदर्भ), पेटंट मोजायची. नाहीतर एकेका शोधाचा माग काढत वापरणाऱ्यापर्यंत पोहोचायचं, म्हणजे केस स्टडी करायची.

आकड्यांचं काम झटपट होतं, शेकडो प्रकल्प एका फूटपट्टीने मोजता येतात. पण पेटंट धूळ खात का पडलं, हे आकडा सांगत नाही. केस स्टडी सांगते: काम कुठे अडलं, कुणी पुढे नेलं, कोणतं जुनं ज्ञान उपयोगी पडलं.

केस स्टडीची खरी मेख आहे किती मागे जायचं यात. 1960च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'प्रोजेक्ट हाइंडसाइट'ने शस्त्रप्रणालींचा साधारण 20 वर्षांचा मागोवा घेतला. त्यांच्या जडणघडणीतल्या महत्त्वाच्या घटनांमध्ये निव्वळ मूलभूत, म्हणजे विशिष्ट उद्दिष्टाविना केलेल्या, संशोधनाचा वाटा निघाला 0.3 टक्के! मग 1968 मध्ये संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेसाठी, नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी, झालेल्या 'ट्रेसेस' अभ्यासाने गर्भनिरोधक गोळी, व्हिडिओ टेप रेकॉर्डर अशा पाच शोधांच्या मुळाशी जात सुमारे 50 वर्षं धुंडाळली. तिथे सुमारे 70 टक्के महत्त्वाच्या घटना विशिष्ट उद्दिष्टाविना केलेल्या संशोधनातल्या निघाल्या. अर्थात उदाहरणंही वेगळी होती, आणि निवड हाच केस स्टडीचा दुसरा कच्चा दुवा. संस्थेने स्वतःच उदाहरणं निवडली, तर यशोगाथाच पुढे येणार.

तरीही निधीचे निर्णय निव्वळ आकड्यांवर घेऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं. आकड्यांनी आधी चाळणी लावावी, मग फसलेल्या प्रकल्पांसह काही प्रकल्प चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि किती वर्षं मागे जायचं ते आधीच लिहून ठेवावं.